बनियनवरचा नारिंगी डाग

१२ जानेवारी, रविवार

आज पुन्हा पोलादपूर. "ताईकडं कुंपणाचं काम हाय," म्हणाले आणि गाडी काढली. चहासुद्धा घेतला नाही. मी दारात उभी होते, वळून पाहिलं नाही.

दिवाळीपासून प्रत्येक रविवार असाच चाललाय. ज्योतीताई ह्यांची सख्खी मोठी बहीण, भावोजी गेल्यापासून वरच्या वाडीत एकट्याच असतात. त्यांचं करायलाच हवं, मला त्यात काही म्हणायचं नाही. पण आधी हेच महिनोन्महिने तिकडे फिरकत नसत. आणि कुंपण म्हणावं तर एवढ्या रविवारांत अख्ख्या डोंगराला घालून झालं असतं.

१५ जानेवारी

हल्ली पडवीत झोपतात. "माझ्या घोरण्यानं तुझी झोप मोडते." लग्न झाल्यापासून घोरतायत, ह्यांना आत्ता कळलं?

ताट-पेलाही वेगळा. जेवले की स्वतः घासतात आणि खिडकीत पालथा घालून ठेवतात. सुप्रिया म्हणाली, "बाबा किती सुधारले गं, माझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही शिकवा म्हणावं." मी हसले. ती आत गेल्यावर तो पेला उचलून नाकाशी धरला. साबणाचा वास आला.

लिहायला लाज वाटते. पण इथे तरी लिहावं. मला वाटतंय पुन्हा सुरू झालीय. दारू.

सुप्रिया पाचवीत असताना सोडली होती. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना नशा न करण्याच्या पाचव्या शिलाला ह्यांचा आवाज चढला होता, एवढा की पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिलं. त्यानंतर कधी शंका घेतली नाही मी. एकदाही नाही.

१९ जानेवारी, रविवार

पोलादपूर. संध्याकाळी आले आणि तसेच आडवे झाले. सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं, ह्यांचं आवडतं. वासानंच उठून मोरीत गेले.

"ताईंकडे काय खाल्लंत?"

"काय नाय."

प्यालात का, हे विचारायचं होतं. ताट झाकून ठेवलं.

२२ जानेवारी

सकाळी उन्हात दाढी करत होते. सुप्रियानं आरसा धरला होता. एकदम म्हणाली, "बाबा, डोळे बघू." मग मला हाक मारली.

हळदीसारखे पिवळे.

२३ जानेवारी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं. मग माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं, "घेता का?"

हे पंख्याकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. नाही म्हणा, आणि ते खरं असू दे.

"घेतो. रोज थोडी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

म्हणजे माझा संशय महिन्यासकट बरोबर निघाला. बरोबर ठरल्याचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

रक्त तपासायला सांगितलं, पथ्य सांगितलं, व्यसनमुक्तीचा एक नंबर दिला. रस्त्यात हे म्हणाले, "सुप्रीला सांगू नको. तिला बघायला माणगावचे पाहुणे यायचेत." मी म्हटलं, "तिला डोळे आहेत." घरी आल्यावर भाकऱ्या थापल्या, दोन जास्तच.

२६ जानेवारी, रविवार

आज पोलादपूरला गेले नाहीत, उठवतच नव्हतं. झेंडावंदन करून मी माझ्या शाळेतून आले तर मुरारी अंगणात उभा. शेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहतो, ह्यांच्याच रंगाच्या कंपनीत आहे. त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "खरं सांगा भाऊ, कुठे बसता तुम्ही सगळे? हे कोणाबरोबर पितात?"

"कोण, रत्नाभाऊ?" त्याला हसूच फुटलं. "वैनी, तो आमच्यात कधीच बसत नाय. उलट टोमणे मारतो. म्हणतो, तुमचं लिव्हर भंगारवाला पण घेणार नाय."

"डॉक्टरांसमोर स्वतः कबूल केलंय त्यांनी."

"मग एकटाच पीत असंल. एकटा पिणारा आमचा दोस्त नाय, जावा सांगा त्याला."

एकटे. किंवा पोलादपुरात कोणाबरोबर तरी. कोणाबरोबर? आता डोकं नको तिकडे धावतंय. ताईंच्या वाडीतली एकेक बाई नजरेसमोर आणून झाली. शी.

२८ जानेवारी

मुरारीची बायको तुळसा सांगत आली, "दवाखान्यात कावीळ उतरत नाय गो वैनी. एक बाबा हाय, हातावर उतरवतो."

एरवी अशा बाबांवर हे विहारात भाषण ठोकतात. आज माझ्या आधी चपला घालून तयार. डॉक्टर नको, पण बाबा चालतो? हेसुद्धा मनात नोंदवून ठेवलं.

बाबानं तळहातांना चुना चोळला, कसल्याशा पाल्याचा रस घातला, परातीत धुतले. पाणी पिवळं. "बघा, निघाली." मी माझे हात पुढे केले. म्हटलं, माझेही धुवा, मला कावीळ नाही, बघू काय निघतं. म्हणाला, "बाई, तुमचं हितं काय काम?" खायला एक मुळी दिली. ती येताना मी सावित्री नदीत टाकली.

घरी येऊन हे सुप्रियाला तळहात दाखवत होते, "उतरली म्हणे." डोळे कालच्यापेक्षा पिवळे.

३० जानेवारी

शाळेतल्या बाईंनी महाडच्या डॉ. पाटणे मॅडमचं नाव सांगितलं. ह्यांना जवळजवळ ओढतच नेलं. रिपोर्ट, सोनोग्राफी, सगळं त्यांनी दोनदा पाहिलं.

"रोज दारू घेता म्हणालात?"

"हो."

"कुठली?"

हे अडखळले. "मिळंल ती."

मॅडमनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. रक्तातल्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, दारूनं लिव्हर बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा हा आकडा मोठा असतो आणि हा लहान, आणि दोन्ही फार वर जात नाहीत. ह्यांचं उलटं आहे, आणि दोन्ही गगनाला भिडलेत. मग म्हणाल्या, "माणूस कबूल करतोय आणि रक्त नाकारतंय. असं मी फार वेळा पाहिलेलं नाही."

मला काहीच कळेना. आनंद व्हायला हवा होता का?

काविळीचे जेवढे विषाणू असतात तेवढे सगळे तपासून झालेत. एकही नाही. पित्ताचा खडा नाही, नळी कुठे तुंबलेली नाही. "मग उरतं औषध," मॅडम म्हणाल्या. "औषधानं लिव्हर बिघडलंय हे सांगणारी एक अशी तपासणी नसते हो. बाकीचं एकेक वगळत जायचं, आणि विचारत राहायचं. काही गोळ्या चालू आहेत?"

"काय नाय." फार पटकन म्हणाले. एवढ्या पटकन हे कधीच बोलत नाहीत.

मॅडमनाही ते जाणवलं असावं. मला म्हणाल्या, "घरात तोंडात जाणारं जे जे आहे ते पिशवीत भरून आणा. ज्याला तुम्ही औषध म्हणत नाही, तेही."

३१ जानेवारी

फडताळ रिकामं केलं. अ‍ॅसिडिटीच्या पुड्या, डोकेदुखीच्या गोळ्या, सुप्रियाच्या केसांचं काहीतरी, आणि माझा गुळवेलीचा काढा. कोरोनापासून रोज सकाळी तिघांना देते. अंगणातल्याच वेलाचा, त्याला मी कधी औषध म्हटलंच नाही.

महाडला पिशवी उपसताना मॅडमचा हात नेमका काढ्याच्या बाटलीवर थांबला. "हा बंद करा. काही जणांच्या लिव्हरला बाधतो."

"पण आम्ही दोघीही एकाच पातेल्यातला पितो."

"एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही. औषधाचं तसंच असतं."

घरी येऊन काढा ओतून टाकला आणि ओट्याशी उभी राहिले. माझ्याच हातानं? रोज सकाळी, गाळून, वर मध घालून? नवऱ्याला दारुड्या ठरवून मोकळी झाले होते मी.

हे पडवीतून बघत होते. म्हणाले, "तुझ्या काढ्यानं काय नाय झालं गो. मनाला लावून घेऊ नको."

"तुम्हाला कसं माहीत?"

भिंतीकडे तोंड केलं.

खरंच, ह्यांना कसं माहीत? डॉक्टरांना माहीत नाही ते ह्यांना इतकं खात्रीनं कसं माहीत?

१ फेब्रुवारी

हे सगळं नीट लिहून काढते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

बिरवाडीत धुण्याच्या पाण्यावरून कोणाचा नवरा कुठल्या प्लांटला ते कळतं. कंपनीचे कपडे आम्ही सगळ्याच जणी वेगळे भिजवतो. मुरारीच्या बादलीला निळा फेस, आमच्या बादलीला तांबडा-नारिंगी. इतकी वर्षं तो नारिंगी पाहतेय की तो डोळ्यांना दिसतच नाही. सकाळी नळावर ह्यांचं बनियन घासत होते. काखेत आणि गळ्याशी नारिंगी डाग.

तुळसा म्हणाली, "भाऊ परत रंगात गेले काय?"

"परत म्हणजे?"

"स्टोअरला होते ना गो दिवाळीपासून. आमच्या ह्यांनीच सांगितलं, भाऊंनी स्वतः मागून घेतलं म्हणून. तिथं कसला रंग? कागदं नि खोके."

मला काहीच सांगितलं नव्हतं. आणि कामावर जाऊन तर दहा दिवस झालेत. हे बनियन परवाचं, घरातच घातलेलं. मग हा नारिंगी कुठून आला? मी डाग नाकाशी नेला. रंगाला जो उग्र वास असतो तो नव्हता. नुसता घामाचा.

ओलं बनियन पिशवीत घालून रिक्षानं महाडला गेले. दवाखान्यातल्या मुलीला वाटलं असेल, बाई कामातून गेली. मॅडमनी ते उजेडात धरलं, आणि खुर्चीत सरळ बसल्या.

"लघवीचा रंग पाहिलात? नुसती पिवळी, की अशी?"

"सांगत नाहीत. स्वतः पाणी ओतून येतात."

"एक औषध आहे, त्यानं घाम, लघवी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी होतं. टीबीवर देतात. त्याच्या जोडीला ज्या गोळ्या असतात, त्यांतल्या काही लिव्हरला बाधू शकतात." मग आवाज खाली आणून, "घरात टीबी आहे कोणाला?"

नाही म्हणताना माझ्याच डोळ्यांसमोर पडवीतलं अंथरूण आलं. पालथा घातलेला पेला. रविवार.

"ओरडू नका त्यांच्यावर. आधी गोळ्या शोधा, आणि थांबवा. आजच."

ह्यांना विचारलं. "कसला टीबी? तू दारूवरून उतर आता, नि ह्याच्यावर चढ." घरभर शोधलं. काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं मी पोलादपूरला गेले. पुढे चालत वर. ताई शेळ्यांना पाला घालत होत्या. मला एकटीला बघून खालीच बसल्या.

"मेला काय गो रत्ना?"

"नाही. पण गोळ्या कुठे आहेत सांगा."

रडत रडत सांगितलं. खोकला कंपनीचाच वाटला होता म्हणे. रक्त पडलं तेव्हा इथल्या सरकारी दवाखान्यात आले, आणि पत्ता ताईंचा दिला. "शप्पथ घातली गो त्यानं मला. दवाखान्याची आशाबाई आयतवारची गोळ्या बघायला यायची, म्हणून हितं हजर. नायतर दिवसभर झोपून असायचा तो. अंग दुखायचं त्याचं. तुमच्यासमोर आडवं व्हायची चोरी."

कुंपणाला हात लावलेला नव्हता. चार काठ्या, त्याही वाकलेल्या.

"डोळं पिवळं झालं तर गोळ्या थांबवून लगोलग ये, असं आशाबाईनं धा वेळा बजावलंय. फोनवर बोल्ला तेव्हा मीपण बोल्ले, जा. तर म्हणतो, एक डोस चुकला तर सगळं पयल्यापासून. सुप्रीचं जमू दे, मग सांगतो सगळ्यांना."

"म्हणजे अजून घेतायत?"

"गाडीच्या डिकीत हायत."

उतार पळत उतरले मी. साडीत.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

डिकीत, फडक्यात गुंडाळलेल्या. आज सकाळचीही घेतलेली. डोळे पिवळे झाल्यापासून रोज, मी पेज ढवळत असताना, हे गाडी पुसायला म्हणून बाहेर जात होते.

समोर ठेवल्या. हे पाकीट पुन्हा फडक्यात गुंडाळायला लागले.

"दारुड्याच्या पोरीला नवरा मिळतो. टीबीवाल्याच्या नाय मिळत."

मी म्हटलं, "पाचवं शील मोडलं म्हणून सांगायला चौथं मोडलंत, खोटं न बोलण्याचं. दोन्ही माझ्यासमोर."

"तुला एवढं लागेल असं नव्हतं वाटलं."

किती वेडा माणूस आहे हा. पेला नाकाशी धरणारी मी, आणि तो पेला मला बाधू नये म्हणून वेगळा ठेवणारे हे.

मॅडमनी लगेच दाखल करून घेतलं. गोळ्या सगळ्या बंद.

५ फेब्रुवारी

मला वाटत होतं, गोळ्या थांबल्या की उतरेल. नाही. रक्त गोठायला वेळ लागतोय. मॅडम दर फेरीला ह्यांना वार विचारतात, महिना विचारतात. दोन्ही हात पुढे करायला लावून बघतात, थरथरतात का.

"गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, की मला ताबडतोब सांगा. मुंबईला हलवावं लागेल."

तेव्हापासून मी ह्यांच्या प्रत्येक वाक्यावर पहारा ठेवून आहे.

६ फेब्रुवारी

दुपारी सुप्रियाला "आये" म्हणाले. आणि ती आई गेली त्याला पंधरा वर्षं झाली.

मी मॅडमना बोलवायला धावले. येऊन पाहतो तर हे सुप्रियाकडे बघून म्हणतायत, "अगं, तशीच दिसतेस म्हणून म्हटलं. काय झालं तुझ्या आईला?" वार विचारला. बरोबर सांगितला. हात स्थिर.

बाहेर येऊन बाकावर बसले.

१० फेब्रुवारी

आकडे उतरले. थोडेच, पण उतरले. मॅडम म्हणाल्या, थांबवल्यावर उतरतंय हाच पुरावा. आज पेज मागून घेतली.

१८ फेब्रुवारी

घरी आणलं. टीबी तसाच आहे, म्हणून लिव्हरला न दुखावणारी दुसरी औषधं तूर्त चालू आहेत. पोलादपूरच्या दवाखान्यातून मॅडमनी कागद मागवले, आता दोन्ही दवाखान्यांचं मिळून चाललंय.

आमचेही एक्स-रे झाले, सुप्रियाचा आणि माझा. दोन्ही स्वच्छ. पुढे होऊ नये म्हणून दोघींना गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत. सुप्रियानं लगेच सुरू केल्या. मी हातात घेतल्या आणि फडताळात ठेवल्या. गोळी म्हटलं की मला ते डोळे दिसतात. घेईन. जरा थांबून घेईन.

२ मार्च, रविवार

सुप्रियानं जितेशला, माणगावच्या मुलाला, स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. आम्हाला न विचारता. आज त्याच्या आईचा फोन आला. फार गोड बोलल्या. बाबांच्या तब्येतीला जपा म्हणाल्या. मुलाचं आणखी शिकायचं चाललंय, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बोललो होतो ना."

सुप्रिया कणीक मळत होती. "बाबा, तुम्ही बरोबर होतात म्हणून तुम्हाला काय आता बक्षीस देऊ?" त्या दोघांचं हसू मला ऐकवेना. आत जाऊन चादरींच्या घड्या घालत बसले.

१२ मार्च

आता जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, पण एकत्र नाही. पहिली एकटीच. मग रक्त. आकडे जागेवर राहिले तरच दुसरी. मॅडमचं बोलणं ऐकताना वाटलं, मी जे अख्खा जानेवारी करत होते तेच आता त्या करतायत. एकेकाला समोर बसवून पारखायचं. त्यांचा संशय मात्र शहाणा आहे.

नारिंगीवाली पहिली आली. बनियनवर पुन्हा डाग. तुळसा म्हणाली, "आला गो तुझा रंग!"

२ एप्रिल

दुसरीही निर्दोष. राहिली तिसरी. मॅडमचा संशय पहिल्यापासून तिच्यावरच होता. म्हणाल्या, ती द्यायचीच नाही, तपासून बघण्यासाठीसुद्धा नाही. तिच्याशिवाय जमेल, फक्त महिने वाढतील. तिचं नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी ही दाखवा म्हणाल्या. ह्यांनी घडी करून पाकिटात ठेवली, सुप्रियाच्या लहानपणच्या फोटोमागे.

पडवीतलं अंथरूण आत आलं. घोरतात. घोरू देत.

२४ एप्रिल

मला संध्याकाळी येणारा ताप काही जात नव्हता. फडताळातल्या गोळ्या तशाच पडून होत्या. शाळेतून परस्पर दवाखान्यात जाऊन बेडका दिला होता, घरी कुणाला बोलले नव्हते. आज टीबीचा निकाल मिळाला. आहे.

दवाखान्यातल्या बाईंनी पत्ता विचारला. ह्यांना कळलं तर स्वतःला काय काय लावून घेतील, ते डोळ्यांसमोर आलं. ताईंची वाडी ओठांवर आली होती.

बिरवाडी सांगितलं.

"घरातल्या कुणाचा नंबर?"

ह्यांचा दिला.